वहीत नसलेला शब्द

सिंदी मेघे,
१२ ऑगस्ट २०२४

ती. सौ. मोहिनीआत्यास गुंजनचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलता येत नाई, खोलीत माह्या वर्गातली दिपाली असते, म्हणून लिहून राह्यली. बाबाले सांगू नको.

नर्सिंगचं दुसरं वर्ष लागलं, पण बारावीपर्यंत मराठीत शिकलेलीले इथलं इंग्रजी झेपत नाई. वहीत नऊशे शब्द झाले, शनिवारच्या परीक्षेत मार्कही बरे पडतात. मले वाटलं, जमलं आता.

परवा सकाळी वॉर्डात देवकाबाई नावाच्या आजीच्या कागदावर इन्सुलिनच्या आधी 'विथहोल्ड' लिहिलेलं होतं. 'विथ' म्हणजे सोबत, 'होल्ड' म्हणजे धरणे, दोन्ही माह्या वहीत आहेत. मले वाटलं, बाकी औषधांसोबत हेही द्यायचं आहे. सिस्टर दुसऱ्या पेशंटजवळ होत्या. मी सिरिंज भरली, आजीचा पदर बाजूले केला. तेवढ्यात आजी म्हणाल्या की आज ऑपरेशन आहे, कालपासून पोटात अन्नाचा कण नाई. उपाशीपोटी इन्सुलिन गेलं तर साखर उतरून जीवही जातो, हे मले ठाऊक होतं. हात तिथंच थांबला. सिरिंज फेकली, मग शब्दाचा अर्थ पाहिला. रोखून ठेवा. देऊ नका.

कोणालेच सांगितलं नाई. आता वहीतले सारे शब्द खोटे वाटतात. कॉलेज सोडून घरी येऊ काय?

माया पातळ होऊ देऊ नको.
तुही गुंजन


सिंदी (रेल्वे),
१६ ऑगस्ट

चि. गुंजनले आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र दुकानात वाचलं आन् गिऱ्हाईकाले ब्लाउजपीसऐवजी अस्तर कापून दिलं, एवढी घाबरली मी. लहानपणी कपबशी फुटली की तू पलंगाखाली लपायची, आन् पाय बाहेर! अजून तशीच हायेस.

पण पोरी, 'विथ' आन् 'होल्ड' पाठ केलेली तू एकटीच असशील काय? उद्या दुसरीचा पेशंट काही बोललाच नाई तर? सिस्टरले सांग. कॉलेजातून काढलं तर मी घ्यायले येईन, तुह्या बाबाशीही मीच बोलीन. न सांगता आली तर मात्र दार उघडणार नाई.

दोन ओळी तरी लवकर धाडजो, तोवर घास गोड लागणार नाई.
तुही आत्या


सिंदी मेघे,
२६ ऑगस्ट

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

सांगितलं. सिस्टर रागावल्या नाईत, नुसत्या खुर्चीत बसल्या. त्याचंच जास्त भेव वाटलं. पंधरा दिवस मले औषधाले हात लावायचा नाई.

दुसऱ्या दिवशी वर्गात मॅडमनं फळ्यावर तो शब्द लिहून विचारलं की कोणाकोणाले अर्थ ठाऊक नव्हता. अडतीसांतले एकवीस हात वर झाले. मग माह्या बाजूची दिपाली उभी राह्यली. रडत म्हणाली की जुलैत तिनं एका आजोबाले तोच शब्द लिहिलेलं इन्सुलिन दिलं होतं आन् भेवानं कागदावर लिहिलंच नाई. आजोबा बेशुद्ध पडले होते. डॉक्टरांनी वाचवलं, पण काऊन झालं ते कोणालेच कळलं नव्हतं. आत्या, एकाच खोलीत महिनाभर ती माह्यापासून लपून होती आन् आठ-दहा दिवस मी तिच्यापासून.

आता वॉर्डातल्या कागदांवर त्या शब्दाखाली मराठीत 'देऊ नका' लिहितात. दिपालीची चौकशी चालू आहे. ती राहते की जाते, ठाऊक नाई. संध्याकाळी आम्ही दोघी शब्द पाठ करतो. ती सारे मोठ्यानं वाचते, तो एक सोडून. तो मी वाचते.

आशीर्वाद असू दे, तिच्यासाठीही.
तुही गुंजन