फक्कीचं रोम

अल बर्शा, दुबई
रविवार सकाळ

तीर्थरूप मामा,

शिरसाष्टांग नमस्कार (प्रज्ञा, इथे त्यांच्या पायांना खरोखर हात लाव; लेक आहेस म्हणून नुसतं वाचून सुटू नकोस). तब्येत कशी आहे असं विचारणार होतो, पण तुम्ही "उत्तम" म्हणाल आणि वर खोकाल, म्हणून विचारत नाही. प्रज्ञाने फोनवर सगळं सांगितलंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर तारीख द्यायला तयार आहेत, आणि आपण म्हणता, "अठ्ठ्याहत्तर वर्षं बघितलं, आता बघायचं काय राहिलंय?" जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य! असो. त्या विषयावर मी चकार शब्द काढणार नाही. हे पत्र फक्त आमच्या रोमच्या सहलीचं आहे.

तर आम्ही चौघं रोमला जाऊन आलो. अनुपमाला स्वित्झर्लंड हवं होतं, सिद्धांतला कुठेच जायचं नव्हतं आणि मैथिलीला जिथे वायफाय असेल तिथे. पण कुटुंबप्रमुख म्हणून मी रोमच म्हटलं (प्रज्ञा, "कुटुंबप्रमुख" जरा ठासून वाच, इथे कुणी ऐकत नाही). वर हेही जाहीर केलं की गाइड घ्यायचा नाही. गाइड कशाला? दर मे महिन्यात विट्याच्या शाळेच्या ओसाड मैदानावर तुम्ही खो-खोचं मैदान आखायची पांढरी फक्की वापरून अख्खं रोम आखायचात, आणि उन्हं उतरली की आम्हा भाचरांना त्यातून हिंडवायचात. ते रोम मी तळपायांनी पाठ केलेलं!

घात तिथेच झाला. तुमची टायबर नदी पाण्याच्या टाकीला वळसा घालून जायची, कारण टाकी काही हलवता येत नव्हती. हे मला चाळीस वर्षांत कधी सुचलं नाही, मामा! मी खऱ्या नदीकाठी उभा राहून टाकीचं वळण शोधत होतो. रोमच्या सात टेकड्यांतली सातवी तर कंपाउंडबाहेर कांद्याच्या रानात जायला लागली, म्हणून तुम्ही ती ओढून मुतारीमागे घेतलेली. मी छातीठोकपणे "यल्ला, चला, इकडून" म्हणत सगळ्यांना दोन तास चालवलं आणि पोचलो ते टायरवाले आणि गॅरेजवाले बसतात अशा एका गल्लीत. अनुपमा म्हणाली, हेच बघायचं होतं तर आपल्या दुबईतल्याच अल क्वोजच्या गॅरेजांत टॅक्सीने गेलो असतो, व्हिसाच्या रांगा तरी वाचल्या असत्या. मैथिली फोन नाचवत म्हणाली, "पपा, इट्स लिटरली दॅट वे." म्हणजे आलो त्याच वाटेने परत. मी तिला सांगितलं की मामाआजोबांनी आखलेलं रोमच बरोबर आहे, हे लोकांनी नंतर बिघडवलं. ती हसली नाही (आमच्या मुलांना मराठी कळतं, मराठीतले विनोद कळत नाहीत).

शेवटी लेकीच्या फोनमागे निमूट चालत सर्व देवांच्या त्या देवळापाशी, पँथिऑनपाशी, आलो. ते खांब बघितले आणि मला एकदम तुम्ही दिसलात. आठवतं? मैदानाच्या मधोमध तुम्ही मोठं वर्तुळ काढायचात, चपला बाहेर काढायला लावायचात आणि आम्हाला आत उताणं झोपवायचात. म्हणायचात, या देवळाच्या छताला मधोमध भोक आहे, वर बघा, जे आभाळ दिसतंय ते रोमचं. घार गेली तर घारसुद्धा रोमची! घरी गेल्यावर पाठीला लागलेल्या फक्कीपायी आईच्या हातचा मार ठरलेला. पण मामा, त्या वर्तुळात पडून मला जे सुख वाटायचं ते नंतर कुठल्याच सहलीत मिळालं नाही, हे आज लिहूनच टाकतो.

तर खांबांपाशी येताच माझे हात आपोआप लेसकडे गेले. देऊळ म्हटल्यावर बूट बाहेर. त्यात दुबईची सवय वाईट. आमच्या फ्लॅटच्या दाराबाहेर बारा वर्षं चपला पडून आहेत, कुणी ढुंकून बघत नाही. सिद्धांत "पपा, प्लीज, नो" म्हणत दहा पावलं लांब जाऊन परक्यासारखा उभा राहिला. मी बूट जोडीने खांबाशी लावले, मोजे आत खोचले, नमस्कार केला आणि गेलो. परत येऊन बघतो तर खांब जागेवर, बूट गायब! कुणी बेवारस समजून उचलले असतील (ते दिसतच तसे होते, इति अनुपमा). मग तापलेल्या दगडांवरून मी उड्या मारत निघालो. रबरी स्लिपर मिळाल्या त्या पंचवीस युरोला. म्हणजे शंभर दिरहॅम, म्हणजे अडीच हजार रुपये, असं मी दुकानात मोठमोठ्याने म्हणत राहिलो. दुकानदाराला दया आली नाही.

एकंदरीत रोम यथातथाच. गर्दी फार, चहा पांचट. तुम्ही घरी बसून काहीएक गमावलेलं नाही. मुलांचा नमस्कार.

आपला, फाजील पाठांतराने वाया गेलेला भाचा,
गुणवंत

ता. क. १ : येणाऱ्या माणसाबरोबर खजूर पाठवलाय. दिवसाला दोनच खायचे. प्रज्ञा, डबा तुझ्याकडे ठेव.

ता. क. २ : मामा, तुम्ही हजारो उत्तरपत्रिका तपासल्यात, तेव्हा देवळाच्या आतलं मी एक ओळही लिहिलेली नाही हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. मी आत गेलोच नाही. अनवाणी दारापर्यंत गेलो. आत लोक माना वर करून उभे होते, वरून ऊन उतरत होतं, आणि माझा पाय पुढे पडेना. तुम्हाला सोडून ते आभाळ मी एकट्याने कसं बघू? अनुपमा आणि मुलं बघून आली. कसं होतं ते मी त्यांना अजून सांगू दिलेलं नाही. तुम्ही विचारता, बघायचं काय राहिलंय? हे राहिलंय. आपल्या दोघांचं राहिलंय. ऑपरेशन करून घ्या, मामा. पासपोर्टचं मी बघतो.

ता. क. ३ : प्रज्ञा, आता थांब आणि त्यांच्याकडे बघ. नुसतेच गप्प बसले तर काही खरं नाही. पण "गाढवा, एवढं जाऊन दारातून परत येतात होय!" असं म्हणून मला शिव्या घालायला लागले, तर त्यांचं पुरतं ऐकत बसू नकोस, आधी डॉक्टरांना फोन लावून तारीख घे.