जावयाला पाडलेलं नाव

९ नोव्हेंबर, रविवार. दौंड.

काल नातीचा, करुणाचा, साखरपुडा झाला. सगळं नीट पार पडलं. मग रात्री झोप का लागली नाही?

जावई आयर्लंडचा. डेक्लन. करुणा तिकडं दवाखान्यात नर्स आहे, तिथंच ओळख झाली. आल्या आल्या हात जोडून 'जय भीम' म्हणाला, तशा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. जिलबी वाढताना मी हाक मारली — ए पॅडी, घे की अजून! शेजारच्या म्हाळूनं ते लगेच उचललं. मग सगळी आळीच — पॅडी इकडं बस, पॅडी पाणी घे. झुंबरबाई म्हणाली, "ह्यो पॅडी जावई ग्वाड हाय बाई."

तो हसला. पण हातातली जिलबी त्यानं परत ताटात ठेवली. ते मी पाहिलं. बाकी कुणी पाहिलं नसावं.

१० नोव्हेंबर

फोन नाही. दोघं हडपसरला माझ्या मुलाकडं, महेंद्रकडं, गेलेत. एरवी करुणा पोहोचल्याचं तरी कळवते. माझी बायको विठाबाई म्हणते, "आवं, दमली असत्याल पोरं. फोनकडं बघून का तो वाजणार हाय?"

१२ नोव्हेंबर

करुणाचा फोन आला. आवाज कोरडा.

"आबा, आयरिश लोक आपसांत म्हणतात कधी पॅडी. परक्यानं म्हटलं की ती शिवी होते. डेक्लनचे वडील इंग्लंडात बांधकामावर होते. नाव कॉरमॅक. तिथला मुकादम सगळ्या आयरिश गड्यांना एकच हाक मारायचा. बावीस वर्षं."

मी म्हणालो, बाळा, मला काय ठाऊक?

"तेच सांगितलं मी त्याला." मग म्हणाली, "फेब्रुवारीतलं विहारातलं लग्न आत्ता राहू द्या. तिकडंच नोंदणी करू. सतराला निघतोय आम्ही."

विठाबाईला अजून सांगितलेलं नाही. तिनं गावाकडं, न्हावऱ्याला, सगळ्यांना निरोप दिलाय, फेब्रुवारीत लग्नाला या म्हणून.

१३ नोव्हेंबर

इथं खोटं लिहून काय करू? मला ठाऊक होतं.

रेल्वेत लागलो तेव्हा गार्ड लोकांच्या लोखंडी पेट्या गाडीत चढवायचं काम होतं. एक गार्डसाहेब होते, निळ्या डोळ्यांचे. त्यांचा आजा आयर्लंडातून आलेला. बाकीचे साहेब त्यांना पॅडी म्हणून डिवचायचे. त्यांच्या पाठीमागं आम्ही हमालही पॅडीसाहेबच म्हणायचो. एकदा फलाटावर एका ड्रायव्हरनं तोंडावर म्हटलं. गार्डसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. सगळे हसले. मी पेटी डोक्यावर घेऊन शेजारीच उभा होतो. मीपण हसलो.

मग परवा का म्हणालो?

न्हावऱ्यात मला कुणी कधी ज्ञानदेव म्हटलं नाही. पाटलाचं शेंबडं पोरही — ए ज्ञान्या. सातवी झालो, सरकारी नोकरी लागली, पँट घालून गावात गेलो, तरी ज्ञान्याच. आणि परवा एक गोरा माणूस माझ्या दारात हात जोडून उभा. ते नाव जिभेवर आलं. म्हटलं, आणि गोड लागलं. एवढंच खरं कारण आहे. दुसरं शोधून पाहिलं, सापडत नाही.

१४ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळच्या गाडीनं हडपसरला गेलो. विठाबाईला म्हणालो, डोळे तपासून येतो.

डेक्लन गॅलरीत कपडे वाळत घालत होता. मला बघून खुर्ची पुढं केली. मी करुणाला म्हणालो, "त्याला सांग. मला तवाच ठावं हुतं." करुणा त्याच्याकडं वळली. मग इंग्रजीत बोलली. पण रेल्वेत जन्म काढलेल्या माणसाला तेवढं कळतं. ती म्हणाली, आजोबांना वाईट वाटतंय, त्यांना माहीत नव्हतं.

"नो," मी म्हणालो. "आय नो. दॅट डे आय नो."

मग गार्डसाहेबांचं सांगितलं. मी हसलो तेही. गोड लागलं तेही. या वेळी करुणानं सगळं बरोबर सांगितलं.

डेक्लन हातातला कपड्यांचा चिमटा उघडत-मिटत राहिला. मग करुणाला काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, "आबा, फेब्रुवारीत येतो म्हणतोय. विहारातच." मला गाडीत बसवायला तोच आला.

घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. विठाबाई म्हणाली, "डोळं बरं निघालं वाटतं."

१६ नोव्हेंबर

करुणाचा फोन. डेक्लननं विचारलंय, त्या गार्डसाहेबांचं खरं नाव काय होतं?

पेटीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं असायचं. नऊ वर्षं ती पेटी डोक्यावर वाहिली. कधी वाचलं नाही.