कोऱ्या प्लेटा

११ जानेवारी

चि. भाऊ यास अनेक आशीर्वाद.

महिना झाला, तुझ्या दोन ओळी नाहीत. आई रोज विचारते आणि मी रोज सांगते की तो जंतूंच्या संगोपनात गुंग आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिची कूससुद्धा आम्हालाच बदलावी लागते, पण जीभ ठणठणीत आहे. काल ह्यांना म्हणाली की तुम्ही मला पोत्यासारखं उचलता. त्यावर हे म्हणाले की पोतं एवढं बोलत नाही.

आता कामाचं. आपलं मलम तुला माहीतच आहे, अंथरुणाला खिळलेल्यांच्या कातडीसाठीचं. शुश्रूषागृहाच्या मेट्रनबाई सांगत होत्या की हल्ली नातेवाईक डबीवरची बारीक अक्षरं वाचतात आणि आपल्या जुन्या प्रिझर्वेटिव्हचं नाव दिसलं की नाक मुरडतात. दुसरं काही सौम्य घातलं तर पंधरा मार्चपासून त्यांच्या साठही खोल्यांत आपलंच मलम जाईल. तीन बायकांना हाताशी धरून मी हे एवढंसं काम चालवते, इतकी मोठी मागणी कधी आली नव्हती. तू जन्मभर हेच करत आलायस, आता एकदा बहिणीसाठी कर. काय घालायचं, किती घालायचं ते कळव आणि तपासूनही दे. पण मार्च म्हणजे मार्च. तुमच्या प्रयोगशाळेची गोगलगायीची चाल मला ठाऊक आहे.

आईचे आशीर्वाद. मायेत कसर नको आणि उत्तरात उशीर नको.

तुझी ताई


१९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

टोमणा पोचला. आईला सांग की तिचा मुलगा जंतू वाढवतो खरा, पण मारण्यासाठीच.

तुझ्या मलमात निम्म्याहून जास्त पाणी आहे आणि सगळं घोडं तिथंच अडतं. डबी उघडली, बोट बुडवलं की जंतू आत शिरतात. प्रिझर्वेटिव्ह त्यांना तिथं संसार थाटू देत नाही. मी तीन पाहिली. पहिलं फक्त आंबटसर मलमात चालतं, तुझं तसं नाही. दुसरं जंतू मारतं, पण बुरशीला मोकळं सोडतं. तिसरं नवीन आहे, कातडीला सौम्य आहे, आणि गेल्या वर्षभरात अकरा मालांसाठी मी तेच तपासून मंजूर केलंय. त्यांत तान्ह्या मुलांचं लोशन आहे, डोळ्यांखाली लावायचं क्रीमही आहे. तू तेच घाल. प्रमाण सोबतच्या चिठ्ठीत आहे.

घालून झालं की तीन डब्या पाठव. तुझ्या चांगल्या मलमात मी मुद्दाम पाच जातींचे जंतू सोडणार आहे, घाबरू नकोस. मग दुसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी चिमूटभर मलम काढून, पातळ करून, काचेच्या प्लेटवर पसरायचं. प्लेटमध्ये जंतूंचं खाणं असतं. जिवंत असतील तर ठिपके उगवतात, मेले असतील तर प्लेट कोरी राहते. अठ्ठावीस दिवसांतला एकही मी कमी करणार नाही, हात जोडलेस तरी. आधीची तयारी मात्र आवरती घेतो, म्हणजे मार्च उजाडताच अहवाल तुझ्या हातात.

ती. आईस साष्टांग नमस्कार. दाजींना सांग, पोतं जपून उचला. आहे तो लोभ असाच धरून ठेव.

तुझा भाऊ


१६ एप्रिल

चि. भाऊ यास अनेक आशीर्वाद.

साठ खोल्यांची दुसरी खेप परवा गेली. तुझा अहवाल मी कामाच्या खोलीत भिंतीवर लावलाय. आईने तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. चारही वेळच्या प्लेटा कोऱ्या, हे वाक्य तिला पाठ झालंय. भेटायला येईल त्याला ऐकवते की माझ्या मुलाने तपासलेलं मलम आहे, बाजारातलं नव्हे. ह्यांचे तर कान किटले.

बाकी तिचं तितकंसं ठीक नाही. पडून पडून कमरेखाली एक फोड आला होता, त्याची आता तळहाताएवढी जखम झाली आहे. आजूबाजूच्या कातडीला मी सकाळ-संध्याकाळ आपलं मलम चोळते. डॉक्टर येऊन पट्टी बदलतात. पट्टीवर निळसर हिरवा डाग पडतो, तो त्यांच्या औषधाचाच असावा. वास घाण नाही, उलट गोडसर, पिकलेल्या द्राक्षांसारखा. हे म्हणाले की सासूबाईंनी अत्तर लावलेलं दिसतंय. ती हसली, पण दोन दिवस अंगात ताप आहे आणि खाण्यावरची वासना गेलीय. मेट्रनबाईंकडेही दोघांना असंच झालंय. त्या गाद्यांना दोष देतात.

तू काळजी करू नकोस, पण जमलं तर एक चक्कर टाक. तुझी वाट पाहण्यात तिचे दिवस बरे जातात.

तुझी ताई


२० एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

परवा तुझं पत्र वाचलं आणि तसाच उठून तुमच्या शेजारच्या औषधांच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला. मलम बंद कर, आईला लगेच दवाखान्यात हलव, शुश्रूषागृहातल्या डब्या परत घे. निरोप मिळाला असेलच. कारण फोनवर सांगवेना, म्हणून लिहितो.

तो हिरवा डाग औषधाचा नाही. तो रंग आणि तो द्राक्षांचा वास मला रोज सकाळी प्लेटचं झाकण काढलं की भेटतो. तुझ्या मलमात मी जे पाच सोडले होते त्यांतलाच तो एक. पाण्यात राहतो, जखमेत शिरतो, अशक्त माणसाला सोडत नाही. माझे पाच तुझ्यापर्यंत आले नाहीत, हा तिथलाच आहे, नळातून नाहीतर हातांतून आलेला. पण माझ्या कागदाप्रमाणे तो तुझ्या मलमात जगायला नको होता.

प्लेटा कोऱ्या का होत्या ते ऐक. चिमूटभर मलम प्लेटवर घेताना त्याच्याबरोबर थोडं प्रिझर्वेटिव्हही येतं. ते प्लेटवरही जंतूंना दाबून ठेवतं. म्हणून आधी एका द्रवात मिसळून त्याचा जोर मोडायचा असतो. आमचा द्रव जुन्या प्रिझर्वेटिव्हचा जोर मोडतो. नव्याचा मोडतो का, हे मी पाहिलंच नाही. पाहायला पाच दिवस लागतात. पहिल्या मालाच्या वेळी राहून गेलं, मग राहतच गेलं. तुझ्या वेळी आठवलं होतं, ताई. पण तुझा मार्च होता आणि मला तुझ्यापुढे मिरवायचं होतं. डबीत जंतू सुखाने नांदत होते आणि मी कोऱ्या प्लेटा पाहून सही केली.

चाचणीची जुनी डबी अजून कपाटात होती. दुसरा द्रव वापरून परवा पुन्हा पसरली. आज प्लेट इतकी भरलीय की ठिपके मोजता येत नाहीत.

त्या अकरा मालांचंही मी असंच केलंय. ते दुकानांत आहेत. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मला भीती वाटते, दुसरं काही नाही. दोन-चार दिवसांत काहीतरी मार्ग काढतो.

आईला हे कळू देऊ नकोस. तुझ्या पाया पडतो.

तुझा भाऊ


२८ एप्रिल

भाऊ,

आई दवाखान्यात आहे. विष रक्तात गेलंय. दोन औषधं लागू पडली नाहीत, तिसरं चालू आहे. मलमाचं आणि तुझ्या तपासणीचं सगळं मी डॉक्टरांना तिच्या खाटेशीच सांगितलं. तिचा डोळा लागला होता, म्हणजे मला तसं वाटलं.

शुश्रूषागृहात हे आणि मी दोघं गेलो. खोलीखोलीत जाऊन डब्या गोळा केल्या आणि प्रत्येकाला कारण सांगितलं. एक म्हातारी शिक्षिका डबी देईना. तिच्या टाचा पहिल्यांदाच मऊ झाल्या होत्या म्हणे. शेवटी ह्यांनी तिच्या मुठीतून डबी सोडवली. त्या दोघांपैकी एक आजोबा रविवारी गेले. मेट्रनबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या डब्या मोजून माझ्या पिशवीत भरत राहिल्या. तिघी बायकांना घरी पाठवलं आणि कामाची खोली बंद केली. भिंतीवरचा तुझा कागद मी रागाने ओरबाडून काढला.

घाई माझी होती, हे मी नाकारत नाही. जन्मभर नाकारणार नाही. पण दोन-चार दिवस म्हणजे काय रे? तान्ह्या मुलांच्या अंगाला ते लोशन आज सकाळीही कुणीतरी चोळलं असेल. मी साठ दारं ठोठावली. तुला एक दार ठोठावायचं आहे.

लगेच निघ. आई तुझं नाव घेते.

ताई


१५ मे

चि. भाऊ,

तू आलास, आईला पाहिलंस, तिला स्मशानात पोचवलंस, पुढे तीन दिवस राहिलास, आणि आपण दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलंही नाही. भांडीकुंडी, चादरी, तिची औषधं, एवढंच बोललो. जे बोलायचं होतं ते आता लिहिते.

काल दवाखान्याचे कागद आणायला गेले. त्यात लिहिलंय की रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यानुसार जखम तिने नखांनी खाजवून चिघळवली, आणि कोणतंही मलम कधी लावलेलं नाही. मी डॉक्टरांना विचारलं की मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं ना. ते म्हणाले की त्यानंतर तुमच्या आईने मला मुद्दाम बोलावून घेतलं. मुलगी काळजीने भ्रमिष्टासारखी झाली आहे, तिच्या बोलण्यावर जाऊ नका, असं तिने सांगितलं. नर्सला साक्षीलाही उभं केलं.

म्हणजे ती जागी होती. सगळं ऐकलं होतं तिने.

भाऊ, तिला हात पाठीमागे नेता येत नव्हता. चार महिने मी तिची पाठ पुसत होते. तिची नखं त्या जखमेपर्यंत पोचूच शकत नव्हती. मला वेडी ठरवून, स्वतःवर सगळं ओढून घेऊन गेली ती. मला तिचा राग येतो आणि रडूही येतं, दोन्ही एकदमच.

हा कागद असेपर्यंत तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. ते आजोबा नव्वदीचे होते, त्यांचं कुणी विचारणार नाही. तू अजून साहेबांना सांगितलेलं नाहीस, हे मला तुझ्या मान खाली घालण्यावरूनच कळलं. मी स्वतः त्यांना लिहायला बसले होते. दोन ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. तुझ्या हाताला धरून तुला चालायला शिकवलंय मी, माझ्याने झालं नाही.

कागद सोबत पाठवते. आईची इच्छा त्यात लिहिलेली आहे. तिचं ऐकायचं की नाही, ते तू ठरव.

ताई


२३ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

सोमवारी सकाळी साहेबांच्या खोलीत गेलो. त्याआधी आठ दिवस बाराही मालांच्या चाचणीच्या राखलेल्या डब्या दुसऱ्या द्रवाने पसरून ठेवल्या होत्या. पाच मालांच्या प्लेटा भरून उगवल्या. डोळ्यांखालचं क्रीम त्यांत आहे, लहान मुलांचं लोशन आहे, आणि तुझं मलम आहे. मंगळवारपासून दुकानांतला माल परत मागवणं सुरू झालंय. लोशनच्या किती बाटल्या घराघरांत अर्ध्या होऊन पडल्यात हे कुणालाच सांगता येत नाही. चौकशी होईपर्यंत मला कामावर यायला मनाई आहे. पुढे काय होईल ते होवो.

साहेबांनी विचारलं की कुणाला इजा झाल्याचा पुरावा आहे का. मी दवाखान्याचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की यातली नखांची गोष्ट खोटी आहे, माझ्या आईने मला वाचवायला सांगितलेली. मग माझ्या निवेदनात तिचं नाव पहिलं लिहिलं आणि त्या आजोबांचं दुसरं.

आईचं न ऐकण्याची ही माझी पहिलीच वेळ.

तुझा भाऊ