हिरव्या पाण्याची तारीख

नगर, २८ मार्च २०२६

चि. भार्गवीस अंबिकाआत्याचे अ. उ. आ. वि. वि.

तुझा निरोप मनवाने वाचून दाखवला. फोनवर भांडायला मला जमत नाही, म्हणून लिहिते आहे. फोटो काढून पाठवायची जबाबदारी तुझ्या या धाकट्या बहिणीची.

२६ एप्रिलला तुझं लग्न. सावेडीचं कार्यालय ठरलं, पत्रिका छापल्या, कापड बाजारातून शालू आला. आणि त्याच दिवशी तू म्हणे नॉर्वेच्या उत्तरेला बोटीवर असणार, समुद्र हिरवा होताना पाहायला. अगं, तो मेच्या मध्यात हिरवा होतो हे तूच ना सांगितलंस? तुझ्या बापाने, माझ्या रविदादाने, निम्म्या नगरचे मुहूर्त काढलेत. तुझा शब्द प्रमाण मानून त्याने ती तारीख पंचांगात सणासारखी पेन्सिलीने लिहून घेतली आणि लग्न अलीकडे धरलं. आता समुद्राने तारीख बदलली. समुद्राला लाज नाही, तुला तरी असावी.

राहात्याला शौनकच्या आईला काय सांगू? शाळेत सिस्टरांनी नकाशावर दाखवलेला तो समुद्र मला आठवतो. फिकट निळा आणि रिकामा. रिकाम्या पाण्यापायी नवरा ताटकळत ठेवणारी आपल्या घरात तूच पहिली.

रागावले आहे, पण मायेत काटछाट केलेली नाही.

तुझी,
अंबिकाआत्या


ट्रॉम्सो, नॉर्वे, ३० मार्च

ती. आत्यास भार्गवीचा सा. न. वि. वि.

तुझं अक्षर पाहूनच कान धरल्यासारखं झालं. चूक माझी. मेचा मध्य हा जुन्या वर्षांचा अंदाज होता, मी तो बाबांना खात्रीने सांगायला नको होता. यंदा बर्फ लवकर वितळला.

तो समुद्र रिकामा नाही, आत्या. हिवाळाभर अंधार असतो आणि वादळं पाणी ढवळून तळाचं खत वर आणतात. मग सूर्य परततो, पाणी जरा निवांत होतं, आणि डोळ्यांना न दिसणारी वनस्पती इतकी वाढते की शेकडो मैल पाणी हिरवं होतं. उपग्रहातूनही दिसतं. आपल्या प्राणवायूचा मोठा वाटा जगभरच्या अशाच वनस्पतींचा. ती खायला तांदळाएवढे जीव वर येतात. हिवाळा त्यांनी खोल पाण्यात झोपून काढलेला असतो. त्यांच्या पिल्लांवर माशांची पिल्लं वाढतात, माशांवर पक्षी आणि माणसं.

पाणी तापतंय, तशी हिरवळ आधी येऊ लागली आहे. खालचे जीव मात्र आपल्या जुन्या वेळेलाच उठले तर? अशी चुकामूक किती होते, हे कोणालाच नीट ठाऊक नाही. तीन वर्षं मी याचीच तयारी करते आहे. बोट २० एप्रिलला सुटेल, ती मेअखेरच परतेल.

शौनक म्हणाला, जा. आईला सांगायचा धीर मात्र त्याला नाही. बाबा म्हणतील ते मी करीन. ये म्हणाले तर येईन.

रागातही माझी आठवण ठेव.

तुझी,
भार्गवी


नगर, ५ एप्रिल

चि. भार्गवीस अ. उ. आ. वि. वि.

पत्र भिंगाने दोनदा वाचलं आणि गच्चीवर जाऊन बसले. बहात्तर वर्षं फुकट श्वास घेतला, पण तो देतं कोण, याची चौकशी केली नाही. शिकलेली बाई म्हणवते मी.

रविदादा ऐकेना. १७ मेपासून अधिकमास, त्यात लग्न नाही. पुढे निज ज्येष्ठ, आणि तू नि शौनक दोघंही थोरली, म्हणून तोही महिना बाद. म्हणजे थेट तुळशीच्या लग्नानंतर. इतकं लांबलेलं लग्न मोडतं, म्हणाला. मी विचारलं, हा अधिकमास आला कुठून? महिने ऋतूंपासून सुटायला लागले, हे पूर्वजांनी आभाळाकडे पाहून ओळखलं आणि एक महिना घालून ऋतू गाठला. त्या तांदळाएवढ्या जिवांना महिना कोण घालून देणार? तुझी मुलगी निदान बघायला तरी निघाली आहे.

दादा म्हणाला, अधिक नव्हे, हिरवळ अलीकडे सरकली तर त्यांना क्षयमास लागेल, एक महिना गाळावा लागेल. आणि स्वतः उठून पंचांगातली लग्नाची खूण खोडली. माझी चूक काढल्याशिवाय त्याने माझं कधी ऐकलेलं नाही.

काल एस.टी.ने राहात्याला गेले. किड्यांसाठी लग्न पुढे गेल्याचं विहीणबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, मीही नाही. मग सगळं सांगितलं. त्यांचा चहा गार झाला. शेवटी म्हणाल्या, नव्या पत्रिका मुलीकडच्यांनी छापायच्या. कबूल केलं.

जा, नीट पाहा. माया होतीच, आता थोडा मानही आहे. चढून जाऊ नकोस.

तुझी,
अंबिकाआत्या


बोटीवरून, २६ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सकाळी डेकवर आले तर कालचा काळा समुद्र क्षितिजापर्यंत हिरवा होता. पाण्याला कापलेल्या काकडीसारखा वास येत होता.

जाळं सोडलं. वरच्या पाण्यात ते जीव जवळजवळ नव्हतेच. ती सारी हिरवळ कोणी न खाल्ल्याने तशीच तळाला निघाली होती. खोलवरच्या जाळ्यात ते भेटले, बहुतेक अजून झोपेत. मधल्या पाण्यात मात्र थोडे सापडले, आत्या, वर निघालेले. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. अंग काचेसारखं आरपार. हिवाळ्यासाठी साठवलेलं तेल संपत आलेलं, पोट रिकामं, तरी पाय चालूच.

मोजायचं होतं ते मोजून झाल्यावर मी वरच्या पाण्याचे चार थेंब त्यांच्या बशीत सोडले. शास्त्राला त्याची गरज नव्हती. बघता बघता एकाच्या अंगातून केसाएवढी हिरवी रेघ खाली उतरत गेली.

तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
भार्गवी