दोन लेक, एक शब्बाथ

येरुहाम, रविवार

सुलिकाताई, तुझ्या दोन्ही हातांना ओठ लावून धाकटी फ्रेहा लिहिते.

पहिला आला मखलूफ, शुक्रवारी दुपारी, तिन्ही पोरींना घेऊन. शेवटच्या बसने हनानिया. वडिलांची प्रार्थनाघरातली जागा कोणाची, यावरून नऊ वर्षं अबोला धरलेले माझे दोघे लेक, आणि दुसरा येतोय हे मी एकालाही कळवलं नव्हतं. शुक्रवारी सूर्य मावळून शब्बाथ लागला की बस बंद. शनिवारी तारे दिसेपर्यंत पळणार कुठे?

त्यात या शनिवारचं धर्मग्रंथाचं वाचन याकोब-एसावच्या भेटीचं, वैर धरलेल्या दोन भावांच्या, वीस वर्षांनंतरच्या. जेवताना हनानिया ताटाकडे बघत म्हणाला, "काही पंडित म्हणतात, एसावने भावाला मिठी मारली ती मनापासून. काही म्हणतात, तो मानेला चावायलाच आला होता."

मखलूफ म्हणाला, "घाबरू नकोस, माझे दात पडायला लागलेत."

नाती किती खिदळल्या म्हणून सांगू. पाय सुजलेत, कंबर धरलीय, पण घर भरलं होतं गं. तुझा खोकला कसा आहे? तिकडे तुमच्या सेफ्रू गावात थंडी पडली का?

निघताना हनानिया म्हणाला, "येईन गं आई, सावकाश." याकोबही भावाला तसंच म्हणाला आणि कधी गेलाच नाही. रब्बी म्हणतात, जगाच्या अंती मशीहा आल्यावर जाईल.

मी म्हटलं, "मला तेवढी सवड नाही रे. दिवस सांगा."

मखलूफ म्हणाला, "दादा सांगेल. थोरला तो."

मग हनानियाने दोघांचा दिवस सांगितला: मंगळवार, हनुक्का या आपल्या दिव्यांच्या सणाचा चौथा दिवा.