ओव्हन बिघडला की मी

आदरणीय विहीणबाई,

दोन्ही हात जोडून तुम्हाला नमस्कार करते. (उजवा भाजलाय, म्हणून जोडताना जरा खाली राहिला. मान कमी दिला असं समजू नका.) तुमची कवळी आता बसली असेल, व्याह्यांचा खोकला कमी असेल आणि तो खोकला ऐकून तुम्हाला येणारा संतापही कमी असेल, अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे ठीक. तुमचे जावई ठीक, तुमची लेक ठीक. मी ठीक आहे की नाही याबद्दल मात्र घरात दोन मतं आहेत, आणि त्यातलं माझं मत कोणी विचारत नाही. फोनवरच बोलले असते, पण मी फोन उचलला की शेजारच्या खोलीत तुमच्या लेकीचं भांडी लावणं थांबतं. म्हणून कागद घेतला. अक्षर लावून वाचा, शाळेत मी फार दिवस टिकले नाही, हे तुम्हाला लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं.

तर विषय केकचा. येत्या रविवारी नातीचा वाढदिवस, ती संध्याकाळी नोकरीच्या गावाहून येणार. तिला दात आले तेव्हापासून तिचा केक मी करते, दुसऱ्या कोणी केलेला तिच्या पोटात गेलेला नाही. यंदा तुमचे जावई म्हणाले, आई, बेकरीतून मागवू, तू दमतेस. मी दमत नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. खरं कारण असं की डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्या लेकीकडे राहून परत आल्यापासून माझ्या हातून एक केक धड झालेला नाही. पहिला वरून डांबर आणि आतून खिळा ठोकायच्या लायकीचा. दुसऱ्याची एक बाजू उंच, एक सखल, जणू कोणीतरी त्यावर कुशीवर झोपलं होतं. तिसऱ्याच्या वेळी इतका धूर झाला की वरच्या मजल्यावरचे मास्तर चपला हातात घेऊन खाली पळाले. त्यावर जावयांनी निकाल दिला, की रविवारी आणखी एकदा करून बघ, पण तोही जळला तर यापुढे गॅस, ओव्हन, इस्त्री, कशालाही हात लावायचा नाही. आई, तू आता आराम कर. विहीणबाई, आमच्या घरी आराम म्हणजे पॅसेजमधली खुर्ची. तिच्यावर बसलं की येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फक्त पाठी दिसतात.

आता आमचा ओव्हन तुम्ही पाहिलाय. (मुलगी दाखवायला आलात तेव्हा त्याच्यावर फुलदाणी ठेवली होती. गंज तिच्याखाली होता.) तो ह्यांनी आणला. हे गेले, ओव्हन राहिला. दोघांच्याही तापायच्या वेळा मला पाठ होत्या, त्यामुळे दोघांशी माझं निभलं. त्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी तो अर्धाच तापायचा. जे काय तापायचा ते डाव्या कोपऱ्यात मागे, उजवीकडे दूधसुद्धा विरजलं असतं. दार लागायचं नाही, म्हणून बाहेरून स्टूल टेकवायचं. ओव्हनचा एक पाय आखूड असल्यामुळे केक डावीकडे वाहायचा, म्हणून भांड्याच्या डाव्या अंगाखाली चमचा सरकवायचा. मध्ये एकदा दार उघडून भांडं गोल फिरवायचं, आणि झाला असं वाटल्यावर आणखी एक स्तोत्र पुटपुटून होईपर्यंत आत ठेवायचं. हे सगळं केलं की असा केक व्हायचा की व्याह्यांनी लग्नाच्या वेळी तिसरा तुकडा मागितला होता. (म्हणजे तुमच्या ह्यांनी. खोकला तेव्हाही होता.)

परत आल्यावर मी हेच सगळं केलं. बटण शेवटपर्यंत, भांडं डाव्या कोपऱ्यात, खाली चमचा, बाहेर स्टूल. आणि हे असे दिवे लागले. मी म्हटलं, ओव्हन बिघडलाय. जावई म्हणाले, बघू. त्यांना बघू म्हणायची हौस फार. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांवर सही करतात, त्यामुळे घरी आले की काहीतरी तपासावंसं वाटतं. कुठेतरी व्हिडिओ पाहिला आणि सुट्टीच्या दिवशी ओव्हनसमोर मांडी घालून बसले. सगळ्या जाळीभर पावाचे तुकडे मांडले, कुठला आधी लाल होतो बघायला. सगळे एकदम लाल झाले, एकसारखे, शाळेच्या कवायतीसारखे. मग आत टांगायचं उष्णतेचं यंत्र आणलं. बटणावर जो आकडा तोच यंत्रावर. मग दारात कागद धरून दार लावलं आणि कागद ओढला. निसटला तर दार सैल म्हणे. तो फाटला, पण निसटला नाही. (कागद म्हणून माझ्या डोळ्याच्या थेंबांची चिठ्ठी घेतली होती. आता थेंब अंदाजाने घालते.) शेवटी जाळीवर लिंबू ठेवलं. ते जागचं हललं नाही. तपासणी संपल्यावर जावई हात झटकून उठले आणि म्हणाले, "आई, ओव्हन एकदम उत्तम आहे." आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की आता लिंबू माझ्या डोक्यावर ठेवून बघतात की काय.

त्या दिवसापासून माझी तपासणी सुरू झाली. सकाळी दात घासताना विचारतात, "आई, आज वार कोणता?" मी म्हटलं, रोज सकाळी तू हेच विचारतोस, वार कोणता ते तुलाच आठवत नसेल तर तूच डॉक्टरला दाखव जाऊन. दुपारी फोन करून विचारतात, जेवलीस का, काय जेवलीस. मी म्हटलं, तुझी बायको डब्यात झाकून गेली ते. त्यावर म्हणतात, काय झाकून गेली होती? विहीणबाई, ते तर मला खातानाही ओळखता आलं नव्हतं. (राग मानू नका. तिच्या हाताला चव आहे, फक्त ती कशाची ते लगेच कळत नाही.) आणि सगळ्यात वाईट ते स्टूल. चांगलं घट्ट लागलेल्या दाराला मी स्टूल टेकवते, हे जावयांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि विसरण्याच्या आजाराचा कोण डॉक्टर आहे त्याचा नंबर शोधून ठेवला.

हे चालू असताना तुमची लेक गप्प. नेहमी कशातही दोन शब्द टाकणारी बाई, पण ओव्हनचं नाव निघालं की तिला वाळत घातलेले कपडे आठवायचे. जेवताना जावई म्हणाले, रविवार झाला की डॉक्टरांची वेळ घेऊ, तेव्हा तिने चमचा खाली ठेवला, तोंड उघडलं. मला वाटलं आता काही बोलेल. तेवढ्यात ह्या शहाण्याने पाणी मागितलं आणि तिने पाणी वाढलं. जे ओठावर आलं होतं ते गेलं परत पोटात.

तेव्हा मी स्वतः दुरुस्तीच्या दुकानात गेले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मेकॅनिक बसतो, त्याला सगळे 'होऊन जाईल' म्हणतात, कारण काहीही नेलं की तो तेवढंच म्हणतो आणि मग ते महिनोन्महिने होत नाही. दुकान म्हणजे बोळ. छताला पाती नसलेले पंखे, फळीवर पोटं उघडी टाकलेले मिक्सर, आणि बसायला धुण्याच्या यंत्राचं पालथं पिंप. त्याच्यावर बसले आणि म्हटलं, चल, ओव्हन बघायचाय, फार तापतो. घर सांगितलं. तो मान वर न करता म्हणाला, "तो? तो तर मी केलाय, आजी. नवा थर्मोस्टॅट टाकला, खालची कॉइल बदलली, दाराचं रबर बदललं, पायाखाली चकती दिली. आता नवरीसारखा झालाय."

मी विचारलं, कधी केलास.

"तुम्ही डोळ्यासाठी गेला होतात ना, तेव्हाच. ताईंनी बोलावलं. मी विचारलं, वापरतं कोण. ताई म्हणाल्या, मीच."

विहीणबाई, हा 'मीच' मी अजून चघळतेय. तुमच्या लेकीने त्या ओव्हनमध्ये आजवर फक्त शिळा पाव गरम केलाय, तोही दार उघडं ठेवून. पण असो. मला सगळा उलगडा झाला. ओव्हन बिघडला होता तोवर केक उत्तम होत होता. ओव्हन सुधारला, आणि मी वेडी ठरले. पूर्वी शेवटपर्यंत फिरवलेलं बटण म्हणजे उबदार हवा, आता तेच बटण म्हणजे वीटभट्टी. चमच्याने पूर्वी केक सरळ व्हायचा, आता सरळ ओव्हनमध्ये तोच चमचा केक वाकडा करतो. मी होऊन जाईलला म्हटलं, जुने पुर्जे असतील तर परत बसव. तो म्हणाला, "आजी, चालू वस्तू बिघडवायचं काम मी घेत नाही." मी म्हटलं, मागे माझा मिक्सर दिला होता तेव्हा घेतलं होतंस. मग त्याला एकदम पाना शोधायचा होता.

तुमच्या लेकीने मला सांगितलं का नाही, तेही मला कळतं. मागे एकदा तिने न विचारता माझे डबे धुऊन उन्हात टाकले होते, तेव्हा मी जे बोलले ते वरच्या मास्तरांना अजून पाठ आहे. ती माझ्या तोंडाला घाबरते. चांगलं आहे, घरात कोणीतरी कशाला तरी घाबरावं. पण स्वतःच्या नवऱ्याला तरी सांगायचं. सासू वेडी ठरली तर चालेल, पण ओव्हनला हात लावला हे कळायला नको, असा हा हिशेब तुमच्याकडे शिकवला की इथे येऊन शिकली, ते तुम्हालाच ठाऊक. मी जावयांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते म्हणतील, मग आता तरी नीट करून दाखव. त्यापेक्षा आधी नीट करावा आणि मग हवं तर सांगावं.

बाकी काही विशेष नाही. तुमच्या लेकीबद्दल माझी तक्रार नाही, हे नीट लक्षात घ्या, हे पत्र त्यासाठी नाहीच. ख्यालीखुशाली कळवावी म्हणून लिहिलं. व्याह्यांना नमस्कार सांगा, खोकला थांबला की सांगा, म्हणजे ऐकू जाईल.

आपली,
तुमच्या लेकीची सासू

ता. क. लिहितेच आहे तर एक बारीकसं काम. शुक्रवारी तुमच्या लेकीला फोन करा आणि पाय मुरगळला म्हणा. जावयांनाही घेऊन ये, उचलायला माणूस लागतो, असं म्हणा. छातीत दुखतं असलं काही सांगू नका, जावई ॲम्ब्युलन्स घेऊन येतील आणि व्हिडिओ बघून तुम्हाला तपासतील. मला घर सलग दोन दिवस रिकामं हवंय. नव्या ओव्हनशी ओळख करून घ्यायची, आणि ती चारचौघांत होत नाही.

दुसरा ता. क. मला सगळं कळलंय हे तुमच्या लेकीला सांगू नका. धसक्याने ती हल्ली भांडी आपटत नाही.

तिसरा ता. क. पाकीट मिळालं नाही म्हणून पत्र घरातच राहिलं. आज सकाळी दोघं कामावर गेल्यावर माझ्याने राहवलं नाही. पुस्तकात छापलाय तोच आकडा लावला, भांडं बरोबर मध्ये ठेवलं, बाकी काहीच केलं नाही. समोर बसून राहिले. त्याला माझी कसलीच गरज लागली नाही. आपला आपण फुगला, आपला आपण लाल झाला. कोणी बघायच्या आत खालच्या शिंप्याला दिला, तर तो खाऊन म्हणतो, आजी, नेहमीपेक्षा बरा झालाय. आता पंचाईत कळली का तुम्हाला? शिकायचं काही उरलंच नाही. आकडा लावायचा आणि गप्प बसायचं, हे तुमची लेकही करेल, जावईसुद्धा करतील. अजून दोघांच्या लक्षात आलेलं नाही. इतका उत्तम ओव्हन असून माझा केक जळतो, म्हणजे केक फारच अवघड असणार, असं त्यांना वाटतंय, आणि तसंच वाटत राहिलेलं बरं. तेव्हा शुक्रवारची वाट बघू नका, पत्र मिळाल्याबरोबर फोन करा, आणि दोघांना रविवार संध्याकाळपर्यंत तिथेच धरून ठेवा. मुरगळलेला पाय तेवढा पुरणार नाही. मोडला म्हणा.