शेष शून्य आल्यास

मी, खाली सही करणारी निवृत्त गणित शिक्षिका, वय एक्याऐंशी, शाळेत ‘बाकीबाई’ म्हणून ओळखली गेलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. दडपण आणायला पुतण्या येऊन गेला, पण चहा पिऊन परतला.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा धाकट्या भावाला. गच्चीवरचा नळ त्याने आता तरी दुरुस्त करावा.

२. बँकेतली ठेव पुतण्या व पुतणी यांना समसमान. पुतण्या हिशेबतपासनीस असला तरी वाटणी पुतणीने करावी.

३. ज्या मुख्याध्यापकांनी गणिताला कायम गळकी खोली दिली, त्यांना माझी छत्री.

४. आता मुद्द्याचे. मागच्या खोलीतला संगणक रात्रंदिवस एक आकडा तपासत आहे. दोनला दोनने कोट्यवधी वेळा गुणून शेवटी एक वजा केला, की तो मिळतो. तो मूळ संख्या आहे का, म्हणजे एक आणि तो स्वतः सोडून कुणीच त्याला निःशेष भागत नाही ना, एवढेच पाहायचे आहे. एकेका संख्येने भागून पाहायचे नाही; या चाचणीचा नियम उलटा आहे, तिच्या शेवटच्या पायरीला शेष शून्य आले तर मूळ. नाही आले तर तो फुटतो एवढे कळते, कुठे फुटतो ते कळत नाही. अशी माणसेही माझ्या ओळखीत आहेत.

निकालाला अजून महिना आहे. डॉक्टरांनी मला त्याहून थोडे कमी दिले आहे. “आत्या, त्या आकड्याचा उपयोग काय?” असे पुतण्या विचारतो. काही नाही. मला तो फार आवडतो. म्हणून निकाल लागेपर्यंत खोली रिकामी करू नये.

५. संगणक भावजयीला. वीस वर्षांपूर्वी तिने इस्त्रीसाठी याच खोलीतला प्लग काढला. तेव्हाचे यंत्र मधले काही साठवत नसे, सगळी मेहनत पाण्यात गेली. मी उन्हाळाभर तिच्याशी बोलले नाही. तिने इस्त्री उचलून स्वयंपाकघरात नेली, आणि अजूनही घरादाराचे कपडे ओट्यावर इस्त्री करते. घरातला चांगला पंखाही तिने यंत्राकडे तोंड करून ठेवला आहे.

हे लिहिताना ती दारात आली.

“वन्सं, शून्य आलं तर मला कसं कळणार?”

“पडद्यावर दिसेल.”

“आणि तुम्हाला?”

मी पुढे लिहायला घेतले.

तरी, शून्य आल्यास शोधणाऱ्यांत तिचे नाव माझ्या आधी घालावे. न आल्यास पुढचा आकडा लावायचा की नाही, ते तिने ठरवावे. प्लग काढण्याचा अधिकार यापुढे फक्त तिचा. इस्त्री त्या खोलीत परत आणावी. आणि जे काही शेष येईल, ते तिने तिथे उभे राहून मोठ्याने वाचावे. ही अट नाही, विनंती आहे.

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर (सही) २. शेजारचे वायरमन (सही)
भावजयीला मिळकत मिळत असल्याने तिची साक्ष चालत नाही, असे वकील म्हणाले. ती दारातच उभी आहे.

(सही) बाकीबाई
स्थळ: मागची खोली. तारीख: सतरा, मूळ संख्या म्हणून मुद्दाम निवडलेली.